तिखट म्हणजे फास्टबॉल

पद्माकर काकांना देवानं आवाज दिला तो मैदानावरचा आणि नोकरी दिली ती सॉफ्टवेअरची, जिथे दिवसभर तोंड उघडलं नाही तरी चालतं. आठवडाभर साठलेला सगळा आवाज मग ते रविवारी बेसबॉलच्या सामन्याला मोकळा करत. मैदान जर्मनीत, इंगोलश्टाटच्या बाहेर, मक्याच्या शेतांना लागून. संघाचं नाव बीबर, म्हणजे नदीत लाकडं रचून बांध घालणारा तो दातरा प्राणी. आणि या बीबरांच्या पहिल्या फळीत काकांचा एकुलता एक मुलगा प्रणव. देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये मराठी पोरगा बॅट फिरवतो, याचं मराठी मंडळाला इतकं कौतुक, की बेसबॉल कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं तेसुद्धा संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर त्याचे आकडे सांगत.

काका होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, जाळीला नाक लावून बसत. मांडीवर टॅबलेट, डोक्यावर क्लबची टोपी. पिचर चेंडू टाकायला हात वर नेणार, एवढ्यात त्यांचा आवाज निघे, "तिखट!" कधी निघे, "गोड!" जर्मन मंडळींना हे फार आवडलं. "तिखट" त्यांच्या जिभेवर "टिकाट" झालं आणि उन्हाळ्यात क्लबनं तसे टी-शर्टही छापले. "गोड"ची गंमत त्याहून मोठी. जर्मनमध्ये देवाला गॉट म्हणतात. लोकांना वाटलं, हा भाविक गृहस्थ पोराच्या काळजीनं देवाचा धावा करतोय. क्लबमधल्या एका आजीबाईंनी तर प्रभाकाकूंचा हात धरून सांगितलं होतं, की हल्ली असे श्रद्धाळू बाप राहिले नाहीत. काकू क्लबच्या टपरीत वडे तळत होत्या. त्यांनी मान डोलावली आणि झारा हलवत राहिल्या.

देवश्रीलाही ते ओरडणं म्हणजे काकांची हौस, एवढंच वाटत आलं होतं. आपल्या माणसांकडे कोण संशयानं बघतं?

आणि ही माणसं तिची आपली होती, नात्यानं नव्हे तर त्याहून घट्ट अशा कशानं तरी. मास्टर्स करायला ती चिंचवडहून इथे आली तेव्हा घर ठरवलेल्या माणसानं ऐन वेळी हात वर केले. घर नाही तर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद नाही, आनमेल्डुंग नाही तर बँक नाही, आणि बँक नाही तर कोणी घर देत नाही. या चरकातून तिला काढलं ते पद्माकर काकांनी. बाबांच्या कॉलेजातले मित्र, एवढीच ओळख. सबंध हिवाळा ती त्यांच्या घरी राहिली. लग्न ठरलं तेव्हा काकूंनी केळवण केलं, आणि नवऱ्याशी पहिलं भांडण झालं तेव्हा ती बॅग घेऊन त्याच घरी गेली. जर्मनीत तिला माहेर होतं, तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. आज ती गाड्यांच्या कॅमेऱ्यांची इंजिनिअर होती, स्वतःच्या घरात राहत होती, तरी दिवाळीचा पहिला फराळ त्याच दारातून यायचा.

अंपायरसुद्धा तिला काकांनीच केलं. इथे प्रत्येक क्लबाला खेळाडूंबरोबर अंपायरही पुरवावे लागतात, आणि अंपायर व्हायला कोणी तयार नसतं, कारण दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. प्रणव शाळेत होता तेव्हा काकांनी तिचं नाव कोर्सला घातलं आणि स्वतः गाडीनं नेऊन सोडलं. "तुझी नजर बारीक आहे," ते म्हणाले होते. नजर खरंच बारीक निघाली. मुलांच्या सामन्यांपासून ती वर वर चढत गेली, क्लब बदलला, आणि या वर्षी तिला वरच्या लीगचं लायसन्स मिळालं. बीबरांच्या सामन्यांना मला पाठवू नका, असं तिनं नेमणुका करणाऱ्याला आधीच कळवलं होतं. पण जुलैतल्या त्या रविवारी दोघे सुट्टीवर होते आणि तिसऱ्याची पाठ धरली होती. "बेसवर उभी राहा, प्लेटमागे ऊवे आहे," असं सांगून त्यानं फोन ठेवला.

सामना ऐन रंगात असताना एक चेंडू बॅटची कड घेऊन मागे आला आणि ऊवेच्या मनगटावर बसला. मनगट सुजलं. ऊवे बर्फ लावत बाहेर गेला, आणि देवश्रीनं छातीचं कवच चढवलं, तोंडावर जाळीचा मास्क घेतला आणि प्लेटमागे जाऊन वाकली. मागून लगेच आवाज आला, "देवू, पाणी पिऊन घे गं आधी, ऊन फार आहे." काका खूश दिसत होते. शेजारच्या कोणाला तरी ते अंगठ्यानं दाखवत होते, ही आमची.

बेसवरून जे नुसतं ओरडणं वाटत होतं, ते प्लेटमागून वेगळंच निघालं. इथे क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला सांगतो, कोणता चेंडू टाक. एक बोट म्हणजे सरळ वेगाचा फास्टबॉल, दोन म्हणजे हळू येऊन ऐन वेळी खाली पडणारा कर्व्हबॉल. बॅटरला ही बोटं दिसत नाहीत, आणि सगळा खेळ त्या न दिसण्यावर उभा आहे. चेंडू यायला पापणी लवायचाच वेळ लागतो. कोणता येणार हे आधी कळलं, तर जेमतेम बॅटरही थोर होऊन जातो. धावत दुसऱ्या बेसवर पोचलेल्या खेळाडूनं स्वतःच्या डोळ्यांनी ती बोटं हेरली तर ती हुशारी. कॅमेऱ्यानं हेरली तर चोरी. नियम जुना आहे आणि सगळ्यांना पाठ आहे.

मैदानाच्या पार टोकाला, कुंपणामागच्या खांबावर कॅमेरा होता. सामने इंटरनेटवर दाखवायला तो काकांनीच बसवलेला. लोकांना चित्र उशिरा दिसे, काकांच्या टॅबलेटवर ते थेट उतरे. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं कॅचरच्या मांड्यांकडे होतं.

वरून वाकलेल्या देवश्रीला दिसलं, कॅचरनं एक बोट दाखवलं. "तिखट!" फास्टबॉल आला. दोन बोटं दाखवली. "गोड!" चेंडू हळू आला आणि गुडघ्याशी पडला. पुन्हा एक बोट, पुन्हा तिखट. बीबरांचा बॅटर कोणीही असो, जर्मन असो नाही तर अमेरिकेहून पगारावर आणलेला कोडी असो, काकांचा शब्द कानावर पडला की त्याचा मागचा पाय तशी जागा घेई. मास्कच्या आत देवश्रीचे कान तापले. भर मैदानात, शेकडो लोकांच्या देखत, तिच्या मातृभाषेतून चोरी चालली होती, आणि तीत सामील नसून ती कळणारी त्या मैदानावर तेवढी ती एकटी होती.

परदेशातल्या मराठी माणसाची ही जुनी खोड. ट्रेनमध्ये समोरच्याच्या टकलावर मराठीत बोलायचं, दुकानात विक्रेतीच्या नाकावर बोलायचं, आणि सगळं बिनधास्त, कारण कुणाला कळतंय? भाषा म्हणजे जणू घरची खोली, आत बसून काहीही करावं. काकांनी त्या खोलीत टॅबलेट नेला होता एवढंच.

डाव बदलला तशी ती पाणी प्यायला जाळीपाशी गेली.

"काका, हे बंद करा."

काका हसले. "कळलं ना? मला माहीतच होतं तुला कळणार. अगं, कोच म्हणाला काहीतरी करून सांगता येईल का, तर म्हटलं आपल्याकडे भाषा आहे की आख्खी. आहे की नाही डोकं?"

"काका, मी अंपायर आहे."

"म्हणून तर बरं झालं. ऊवे होता तोवर मला धाकधूक होती." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तो निळ्या टोपीतला बघितलास? अमेरिकन क्लबचा माणूस. प्रणवसाठी आलाय. काँट्रॅक्टचं बोलतायत. आजचा एक दिवस गं देवू. आणि हे काय, क्रिकेटमध्ये नाही का करत? सगळेच करतात."

"बंद करा," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात तर मी..." आणि थांबली. गप्प बसलात तर मी काय? मीही गप्प बसेन? वाक्य पुरं झालं असतं तर तो सौदा झाला असता. काकांनी तो झाला असंच धरलं. "बरं बरं, बसतो गप्प," म्हणाले आणि टॅबलेटवर टोपी ठेवली.

पुढचे दोन डाव ते खरोखरच गप्प बसले. बीबरांच्या बॅटी तेवढ्यापुरत्या आंधळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी बरोबरी साधली. कोच बेर्न्ट दोनदा जाळीपाशी येऊन काकांशी कुजबुजला. देवश्री बघत होती. आपण स्वतःच्या माणसाला गुपचूप सावध केलं, याची तिला लाज वाटत होती. दुसरा कोणी असता तर केलं असतं का? नसतं केलं.

शेवटचा डाव. बरोबरी. बीबरांना जिंकायला एक धाव हवी. दोघे बाद झाले, दोघे बेसवर पोचले, आणि कोडी बॅट घेऊन आला. "तिखट!" मागून आवाज आला, कसलाही संकोच नसलेला. कोडीनं फास्टबॉल असा काही हाणला की दुसऱ्या बेसजवळच्या खेळाडूनं उडी मारून अडवला नसता तर सामना तिथेच संपला असता. तिन्ही बेस भरले. मैदान उभं राहिलं. पुढचा बॅटर प्रणव.

तो आला, तिच्या पुढ्यात उभा राहिला. "हालो, देवश्रीताई," मागे न बघता म्हणाला. पहिला चेंडू त्यानं बाहेर जाऊ दिला, तो बॉल धरला गेला. दुसऱ्यावर तो चुकला, तो स्ट्राइक. मग "गोड!" आणि त्यानं कर्व्हबॉल आरामात बघून सोडून दिला, दारावर आलेल्या सेल्समनला सोडावं तसा. दुसरा बॉल.

देवश्रीच्या पुढ्यात पाहुण्यांचा कॅचर बसला होता, पाठ तिच्याकडे. वीस-एकवीसचं पोर, घामानं निथळत होतं. दोन शब्द त्याच्या कानात टाकायचे, खुणा बदल. एवढंच. तो बोटं बदलेल, काकांचं तिखट-गोड उलटंसुलटं होईल, चोरी फुकट जाईल. कोणाला काही कळणार नाही. काकांची अब्रू राहील, प्रणवचं काँट्रॅक्ट राहील, तिचं माहेर राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती थोडी पुढे वाकलीसुद्धा.

आणि तिला स्वतःचाच राग आला. अंपायर एका बाजूच्या कानाशी लागला तर तो कसला अंपायर? मग या मैदानावर चोर एक नाही, दोन होतील, आणि दुसरा जास्त वाईट, कारण त्याच्यावर दोन्ही संघांनी विश्वास टाकलेला. आणि चेंडू कोणता येणार याच्या भलत्याच समजुतीत उभ्या असलेल्या पोराच्या बरगडीत फास्टबॉल बसला तर? नाही. लपून केलेलं पुण्य तिला नको होतं. जे काही असेल ते उन्हात.

तिनं दोन्ही हात वर केले. "टाइम!"

मास्क काढून तिनं दोन्ही कोचना बोलावलं आणि सांगितलं. जाळीमागे बसलेले गृहस्थ कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा बघून बॅटरना मराठीत सांगत आहेत. पाहुण्यांच्या कोचचं तोंड उघडं राहिलं. बेर्न्टनं मात्र हसून हात पसरले.

"अहो, फ्राऊ अंपायर, ते प्रार्थना करतायत. गॉट म्हणतात. सगळ्यांना माहीत आहे."

"ते गोड म्हणतात. गोड म्हणजे साखरेसारखं."

"मग? साखरेचा बेसबॉलशी काय संबंध?"

"तेच विचारायचंय," ती म्हणाली आणि पहिल्या बेसकडे वळली. "कोडी, जरा इकडे ये."

कोडी उड्या मारत आला. ओक्लाहोमाच्या कुठल्याशा गावचं सरळ पोर, मघाच्या फटक्यानं खुशीत. बेर्न्ट काहीतरी बोलणार होता, तिनं त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला आणि इंग्रजीत, अगदी सहज विचारलं, "कोडी, तिखट म्हणजे काय?"

"फास्टबॉल, मॅम," कोडी म्हणाला.

"आणि गोड?"

"कर्व्हबॉल." आपला उच्चार बरोबर आला म्हणून तो जरा फुशारला. "तुमच्या भाषेत बेसबॉलला इतके आखूड शब्द आहेत, मला माहीतच नव्हतं. फार सोयीची भाषा आहे, मॅम."

कोणी हसलं नाही. बेर्न्टनं डोळे मिटून घेतले. बिचाऱ्या कोडीला मराठीतले दोनच शब्द येत होते आणि दोन्हींचे अर्थ त्याला कोणी सांगितले नव्हते. नाही तर तो सरळ मिरची म्हणाला असता आणि देवश्री तिथेच हरली असती. तीन पावलांवर प्रणव उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. तो बॅटचा दांडा बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

बेर्न्टला तिनं मैदानाबाहेर काढलं. मग ती जाळीकडे चालत गेली. काका उभे राहिले होते.

"पद्माकर काका, तो टॅबलेट द्या आणि मैदानाबाहेर जा." तिनं मराठीत सांगितलं. मग तेच जर्मनमध्ये, मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

"देवू," काका म्हणाले. त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "माझ्या पोराच्या देखत?"

"तुम्ही जाईपर्यंत सामना सुरू होणार नाही."

त्यांनी टॅबलेट जाळीखालून सरकवला आणि निघाले. लोकांना काय झालं ते कळलं नव्हतं. एवढंच दिसलं की काळ्या कपड्यातल्या एका बाईनं त्यांच्या लाडक्या भाविक म्हाताऱ्याला हाकललं. बोंबाबोंब झाली. कोणीतरी सुरू केलं आणि सगळं मैदान तालावर ओरडायला लागलं, "टिकाट! टिकाट!" तिच्यावरचा राग ते तिच्याच भाषेत, अर्थ ठाऊक नसताना काढत होते. वड्यांच्या टपरीत प्रभाकाकूंनी गॅस बंद केला होता. त्या सरळ देवश्रीकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात काय होतं ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

तिनं मास्क चढवला. "प्ले!"

प्रणव पुन्हा उभा राहिला. आता मागून कोणी काही सांगणार नव्हतं. पुढचा चेंडू त्यानं हुकवला. दोन स्ट्राइक झाले. त्यापुढचा बाहेर गेला. तीन बॉल. आता चौथा बॉल म्हणजे चालत पहिला बेस, चालत धाव, आणि विजय. तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद. पिचरनं फास्टबॉल टाकला, जीव खाऊन, बाहेरच्या कडेला. प्रणवची बॅट हलली, आणि थांबली.

अंगठ्याएवढा बाहेर. देवश्रीनं तो होता तसा बघितला. बाहेर होता. आणि हेही तिला कळलं, की बाहेर म्हटलं की आत्ता अर्धं मैदान तिच्यावर भुंकतंय, उरलेल्या अर्ध्याला, पाहुण्यांनाही, कारण मिळेल. स्ट्राइक म्हटलं तर सगळे म्हणतील, बघा, अंपायरला आपलं-परकं नाही. निःपक्षपाती दिसायची इतकी स्वस्त संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"बॉल फोर," ती म्हणाली.

बीबर जिंकले. पाहुण्यांचा कोच, ज्याची बाजू तिनं पाच मिनिटांपूर्वी राखली होती, तो टोपी आपटत आला. "शेवटी आपल्या माणसाला दिलंतच ना?"

"बाहेर होता," ती म्हणाली.

"एवढासा!"

"एवढासा बाहेर म्हणजे बाहेरच. प्रोटेस्ट करायचा असेल तर करा. चोरीचा करा, तिचा रिपोर्ट मी स्वतः लिहिणार आहे. या चेंडूचा नका करू, हराल."

पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून उभे होते. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर वड्यांचं रिकामं पातेलं. देवश्रीला दुसरीकडून जाता आलं असतं. ती तिथूनच गेली.

"घरचा भेदी," काका म्हणाले. "दुसरं काय म्हणू? खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस. माझ्या पोराच्या आयुष्यात आज पहिल्यांदा एवढी मोठी..." त्यांनी मैदानाकडे हात केला. "तो निळ्या टोपीवाला उठून गेला. सामना संपायच्या आधी. मी इथून बघितलं."

"मग त्यानं शेवटचा चेंडू बघितला नाही," देवश्री म्हणाली. "तुम्हीही नाही बघितलात. मी बघितला, सगळ्यांत जवळून. अंगठाभर बाहेर होता आणि प्रणवनं बॅट आवरली. कोणी काही ओरडलं नव्हतं, काका. त्याची नजर आहे तशी. तुमच्याहून चांगली, माझ्याहूनही. ती त्याच्याजवळ आहे यावर विश्वास नव्हता तो फक्त तुमचा."

काकांनी गाडीचं दार उघडलं.

"रिपोर्टात लिही की ऐकण्यात गैरसमज झाला. भाषेचा प्रश्न आहे, कोणी खोलात जाणार नाही."

"लिहिणार नाही."

"मग आमच्याकडे यायचं कारण उरलं नाही."

"मी येणार," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते, दोन्ही एकदम, आणि तिनं दोन्ही लपवलं नाही. "राखीला दर वर्षी येते तशी येणार. दार लावायचं असेल तर तुम्ही लावा. मी माझ्या पायांनी माहेर सोडणार नाही."

काकूंनी समोरच्या काचेतून नजर हलवली नाही. गाडी गेली.

रिपोर्ट तिनं त्याच संध्याकाळी पाठवला, काकांच्या नावासकट. निकाल लागला. बीबरांची जीत काढून घेतली, बेर्न्टवर वर्षाची बंदी, प्रणव उरलेल्या मोसमापुरता बाहेर. निळ्या टोपीवाल्याचा फोन आला नाही. प्रणवचं खरंच नुकसान झालं होतं आणि त्यात तिचा हात होता. आपण सत्याच्या बाजूचे आहोत म्हणून हे कमी दुखत नाही, हे तिला त्या आठवड्यांत कळलं. तरी पुन्हा वेळ आली असती तर तिनं पुन्हा तेच केलं असतं. रात्री झोप येत होती, हा तिच्यापुरता पुरावा होता.

मंडळाच्या ग्रुपवर मात्र खेकड्यांची टोपली उतू गेली. मराठी माणूस वर चढायला लागला की मराठी माणूसच पाय ओढतो, हे ज्यानं त्यानं आपापल्या परीनं टाकलं. वैभवीनं, मंडळाच्या सेक्रेटरीनं, फोन करून गोडीगुलाबीनं सुचवलं, की या वर्षी गणपतीत तू जरा लांबच राहा, वातावरण निवळेल. देवश्रीनं ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: "खेकडा म्हणा, चालेल. आरतीला मी येणार आहे, पुढच्या रांगेत उभी राहणार आहे, आणि रिपोर्ट मागे घेणार नाही." त्यावर कोणी अंगठाही लावला नाही, पण खेकडे थांबले.

राखी पौर्णिमेला ती निघाली. "फोन तरी कर आधी," नवरा म्हणाला. "माहेरी कोणी फोन करून जातं का?" ती म्हणाली आणि गाडी काढली.

खालच्या दारापाशी तिनं बेल दाबली. बराच वेळ काही नाही. पुन्हा दाबली. दाराशेजारच्या इंटरकॉममध्ये खरखर झाली.

"कोण?" काकांचा आवाज.

"मी देवश्री. प्रणवला राखी बांधायला आलेय."

खरखर चालूच राहिली. त्यांनी फोन ठेवला नव्हता. शेजारची एक बाई कुत्रा घेऊन बाहेर पडली, दार धरून तिच्यासाठी थांबली. देवश्रीनं मान हलवून नको सांगितलं. दार मागे बंद झालं.

"हे बघ," काका म्हणाले. आवाज थकलेला होता. "एकदा म्हण, की ऐकण्यात माझी चूक झाली असेल. लिहून नको, कोणाला सांगू नको. मला एकट्याला सांग, इथे, आणि वर ये. संपलं सगळं. देवश्री आली असेल तर तिचं घर आहे. अंपायर आली असेल तर तिनं आल्या पावली परत जावं."

किती सोपं होतं ते. खोटं बोलायला ती एकटी, ऐकायला ते एकटे, आणि मध्ये एक भिंत, तोंडसुद्धा बघावं लागणार नाही. हा माणूस विनवत होता, आणि तो कधी कोणाला विनवत नसे.

"ऐकण्यात चूक झाली नाही, काका," ती म्हणाली. "आणि त्या दोघी वेगळ्या नाहीत. हीच एक आहे. तुम्हीच गाडीनं नेऊन सोडलेली. आता दुसरी कुठून आणू?"

ती जाळीदार डब्याकडे बघत उभी राहिली. जायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. किती वेळ उभं राहायचं, ते तिनं ठरवलं नव्हतं. मग खरखरीत पावलांचा आवाज आला, काहीतरी सरकल्याचा, आणि लांबून जवळ येत गेलेला प्रभाकाकूंचा आवाज.

"अहो, सरका तिथून."

वरून बटण दाबलं गेलं आणि दाराचं कुलूप गुरगुरलं. देवश्रीनं खांद्यानं दार ढकललं आणि जिना चढायला लागली.